इंग्रजी परिच्छेद आणि निबंध: मराठी माध्यमाच्या वर्गात कोणत्या क्रमाने शिकवावं

आठवी-नववीच्या मराठी माध्यमाच्या वर्गातल्या इंग्रजीच्या वह्या उघडून पाहा. ‘माय व्हिलेज’ हा परिच्छेद साधारण असा असतो: गावाचं नाव अमुक, गावाला नदी आहे, देऊळ आहे, लोक शेती करतात, लोक प्रेमळ आहेत, मला माझं गाव आवडतं. स्पेलिंग ठीक, काळही ठीक. आता यातलं चौथं वाक्य पहिलं करा आणि दुसरं शेवटी न्या. काही बिघडलं का? नाही. वाक्यं कशीही फिरवली तरी फरक पडत नसेल तर ती यादी आहे, परिच्छेद नाही.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे आणखी व्याकरण आणि पाठ करायला आणखी चार निबंध. त्याने यादी फक्त लांबते. मुलांना मोडकीतोडकी का होईना, वाक्यं येतात. काय म्हणायचं ते ठरवण्याची पायरीच त्यांना कुणी दाखवलेली नसते. म्हणून या लेखातला क्रम असा आहे: आधी ठरवायचं, मग लिहायचं, मग वाक्यं एकमेकांना बांधायची आणि भाषेची दुरुस्ती सगळ्यात शेवटी.

(उदाहरणांतली इंग्रजी वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. फळ्यावर ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.)

## सुरू करण्यापूर्वीची तयारी

पहिली गोष्ट, वर्ग तयार आहे का ते बघा. प्रत्येकाला एखाद्या चित्राबद्दल पाच-सहा साधी वाक्यं लिहायला सांगा. निम्म्याहून जास्त मुलांना कर्ता आणि क्रियापद असलेलं वाक्यच लिहिता येत नसेल, तर आधी दोन-तीन आठवडे वाक्यांवर काढा. पाया नसताना परिच्छेद शिकवायला घेतला की मुलं फळ्यावरचं उतरवून घेतात आणि आपल्याला वाटतं, जमलं.

दुसरी गोष्ट विषयांची. ‘माय फेवरिट टीचर’, ‘माय मदर’, ‘रेनी सीझन’ हे विषय काही काळ बाजूला ठेवा. त्यांची तयार वाक्यं प्रत्येक गाईडमध्ये आहेत आणि मुलांच्या हातून तीच उतरतात. असे विषय निवडा ज्यांबद्दल मुलांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे आणि ज्यांत त्यांचं काही अडतं: शाळेत येणारी एसटी, मधल्या सुट्टीतला नळ, आठवडी बाजाराच्या दिवशीची हजेरी, घरातला एकच मोबाइल आणि त्याचे चार वाटेकरी.

तिसरी गोष्ट, वहीची मांडणी ठरवून टाका. डावं पान आराखड्याचं, उजवं पान लेखनाचं. डाव्या पानावर मराठी चालेल, खाडाखोड चालेल, बाण चालतील. उजव्या पानावर एक ओळ सोडून लिहायचं, म्हणजे दुरुस्तीला जागा राहते.

चौथी गोष्ट शिक्षक सर्रास टाळतात. वर्गात जो विषय देणार आहात त्यावर आदल्या दिवशी स्वतः एक परिच्छेद लिहा. मुलं कुठे अडणार, कोणता शब्द त्यांना लागणार, हे लिहिताना जितकं कळतं तितकं पाठ्यपुस्तक वाचून कळत नाही.

## टप्पा १: लिहायचं नाही, ओळखायचं

पहिल्या दोन तासिका पेन बंद. मुलांच्या हातात चांगला परिच्छेद द्या आणि त्याच्याशी खेळू द्या.

एका परिच्छेदातली वाक्यं कागदाच्या पट्ट्यांवर लिहा, पट्ट्या मिसळा आणि गटाला लावायला सांगा. क्रम बरोबर लागला की प्रश्न विचारा: ‘हे दुसरं आहे हे कशावरून ओळखलंस?’ उत्तरात ‘इट’, ‘दिस’, ‘द बस’ असले शब्द येऊ लागले की मुलांना दुवा दिसायला लागला आहे. पुढच्या वेळी परिच्छेदात एक उपरं वाक्य घुसवा आणि ते शोधायला लावा. उपरं वाक्य खोटं किंवा विचित्र नको. ते खरं असावं, त्याच विषयाचं असावं, फक्त या परिच्छेदाच्या कामाचं नसावं.

तपासा: वाक्य का काढलं याचं कारण मूल मराठीत तरी सांगू शकतं का? ‘सर, ते बरोबर वाटत नाही’ एवढंच येत असेल तर आणखी एक तासिका इथेच थांबा.

## टप्पा २: विषयाचं विधान करणं

सगळी गडबड या टप्प्यावर होते, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

‘एसटी बस’ हा विषय झाला. विषयावर फक्त माहिती गोळा होते, आणि माहितीला शेवट नसतो. म्हणून मूल लिहितं: ‘एसटी बस इज व्हेरी युजफुल. इट इज रेड इन कलर. मेनी पीपल ट्रॅव्हल बाय इट. आय लाइक एसटी बस.’ परिच्छेदाला विधान लागतं. विधान म्हणजे असं वाक्य, जे ऐकून समोरचा ‘का?’ किंवा ‘कसं काय?’ विचारेल. ‘इट इज रेड’ यावर कुणी काही विचारत नाही. ‘द बस डिसाइड्स अवर स्कूल डे’ म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, म्हणजे कसं?

हे काम मराठीतच करा. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही हा नियम निदान या पंधरा मिनिटांसाठी बाजूला ठेवा. ज्या भाषेत मूल भांडतं त्या भाषेत त्याला मत सुचतं. ‘एसटीमुळे तुमचं काय अडतं?’ असं विचारा आणि उत्तरं फळ्यावर मराठीतच लिहा. गर्दी असते. पास काढायला रांग असते. शेवटची गाडी लवकर जाते. मग एक निवडायला लावा. फक्त एक. बाकीची पुसून टाका. मुलांना ती पुसलेली आवडत नाहीत, पण टाकून द्यायची सवय इथेच लागते.

निवडलेल्या उत्तराचं इंग्रजी वाक्य करा. ते छोटं असू द्या, फार तर आठ-दहा शब्दांचं.

सावधान: मराठी निबंधातली सुरुवात इंग्रजीत आणू देऊ नका. मराठीत आपण सुविचाराने, कवितेच्या ओळीने, ‘मनुष्य हा समाजशील प्राणी आहे’ अशा वाक्याने सुरू करतो आणि मुद्द्यावर सावकाश येतो. आत्मकथन किंवा कल्पनाप्रधान निबंधात ते शोभतंही. इंग्रजी विवेचनात मात्र वाचक पहिल्या-दुसऱ्या वाक्यात मुद्दा शोधतो. ‘सिन्स एन्शन्ट टाइम्स’ आणि ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’ या दोन सुरुवातींवर वर्गात सरळ बंदी घाला.

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचा परिच्छेद तपासणं शक्य नसतं, पण प्रत्येकाचं पहिलं वाक्य एका तासिकेत फिरता फिरता बघता येतं. शेरा लिहू नका. वाक्य वाचून फक्त ‘का?’ विचारा. मुलाकडे उत्तर असेल तर पुढे जाऊ द्या. नसेल तर ते विधान नाही, हे त्याला तिथल्या तिथे कळतं.

## टप्पा ३: डाव्या पानावर आधार गोळा करणं

विधानाखाली तीन ओळी मोकळ्या सोडा आणि तीन प्रश्न द्या: नेमकं काय घडतं? कधी, किती? त्यामुळे काय होतं? उत्तरं तुटक शब्दांत, मराठी-इंग्रजी मिसळून चालतील. आपल्याकडच्या मुलांना ‘मुद्द्यांवरून गोष्ट’ लहानपणापासून माहीत असते. इथे फरक एवढाच की मुद्दे त्यांनी स्वतः काढायचे.

मूल मोघम लिहिणार हे गृहीत धरा. ‘प्रॉब्लेम होतो’, ‘खूप त्रास होतो’. प्रत्येक मोघम शब्दावर बोट ठेवून एक पायरी खाली उतरायला लावा. त्रास म्हणजे? गाडी चुकते. कुठली गाडी? सव्वापाचची. चुकली की? चार किलोमीटर चालायचं. आता आधार मिळाला. ‘व्हेरी’, ‘मेनी’, ‘लॉट्स ऑफ’ या शब्दांच्या जागी आकडा, वेळ किंवा नाव टाकता येतं का, हा प्रश्न वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे.

तपासा: तिन्ही आधार एकाच विधानाला धरून आहेत का? एखादा दुसऱ्याच गोष्टीकडे जात असेल तर आत्ताच काट मारा. लिहून झाल्यावर काट मारायला मुलांना जिवावर येतं.

## टप्पा ४: एक परिच्छेद सगळ्यांनी मिळून

एकट्याला लिहायला लावण्यापूर्वी फळ्यावर एक परिच्छेद सगळ्यांनी मिळून लिहायचा. मुलं सांगतील, तुम्ही लिहाल, आणि लिहिताना मोठ्याने विचार कराल: ‘हे वाक्य आधी घेऊ का? गाडीची वेळ सांगितल्याशिवाय गाडी चुकते हे कसं कळणार?’ मुलांनी चुकीचं वाक्य सांगितलं तरी अर्थ लागत असेल तर तसंच लिहा, दुरुस्ती नंतर.

समजा फळ्यावर हे जमलं:

‘द बस डिसाइड्स अवर स्कूल डे. द लास्ट बस टू अवर व्हिलेज लीव्ज ॲट ५:१५. स्पोर्ट्स प्रॅक्टिस स्टार्ट्स ॲट ५ अँड एंड्स ॲट ६. इफ वी स्टे फॉर प्रॅक्टिस, वी मिस द बस अँड वॉक फोर किलोमीटर्स. देअरफोर, मोस्ट गर्ल्स फ्रॉम अवर व्हिलेज डू नॉट प्ले आफ्टर स्कूल.’

आता तीन गोष्टी करा. आधी वाक्यं फिरवून बघा. चौथं वाक्य दुसऱ्याच्या आधी नेलं की कोडं होतं. म्हणजे हा परिच्छेद आहे. मग एखादं खरं पण उपरं वाक्य टाका: ‘विमेन पे हाफ फेअर इन एसटी बसेस.’ एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत आहे, त्यामुळे वाक्य खरं आहे, विषयही एसटीचाच आहे. तरी इथे ते का नको? कारण मुद्दा भाड्याचा नाही, वेळेचा आहे. खरी माहितीसुद्धा गाळावी लागते, हे मुलांना पटायला असं उदाहरण लागतं.

शेवटी पहिल्या वाक्याकडे परत या. विधान म्हणतं, बस आमचा शाळेचा दिवस ठरवते. परिच्छेदात दिवसाबद्दल काही नाही, फक्त खेळाबद्दल आहे. मग पहिलं वाक्य बदला: ‘द बस टाइमटेबल डिसाइड्स हू प्लेज इन अवर स्कूल.’ लिहून झाल्यावर विधान बारीक करायचं असतं, हे मुलांनी एकदा डोळ्यांसमोर घडताना पाहावं लागतं. नाहीतर पहिलं वाक्य म्हणजे दगडावरची रेघ, असं त्यांना वाटतं.

## टप्पा ५: वाक्यं एकमेकांना बांधणं

या टप्प्यावर बहुतेक पुस्तकं जोडशब्दांची यादी देतात: फर्दरमोअर, मोरओव्हर, इन ॲडिशन, नेव्हरदलेस. मुलं ती पाठ करतात आणि प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी एकेक चिकटवतात. यादी तशीच राहते.

वाक्यं बांधली जातात ती आधीच्या वाक्यातली एखादी गोष्ट उचलून पुढे नेल्याने. आधी गाडीची आणि सरावाची वेळ सांगितली, मग ‘इफ वी स्टे फॉर प्रॅक्टिस’ म्हणत सराव उचलला आणि ‘वी मिस द बस’ म्हणत बस उचलली. मुलांना प्रत्येक वाक्यातून मागच्या वाक्याकडे पेन्सिलीने एक बाण काढायला लावा. ज्या वाक्यातून बाण निघत नाही, तिथे दुवा तुटला आहे. जोडशब्द फार तर परिच्छेदाला एक-दोन, तेही ‘बट’, ‘सो’, ‘फॉर एक्झाम्पल’, ‘देअरफोर’ एवढेच पुरे.

मराठी वळणाच्या काही चुका इथे हमखास येतात, त्या वेगळ्या सांगाव्या लागतात:

- मराठीत ‘कारण’ने नवं वाक्य सहज सुरू होतं आणि पूर्णही वाटतं. इंग्रजीत ‘बिकॉज द बस लीव्ज अर्ली.’ एवढंच लिहून पूर्णविराम दिला तर वाक्य अर्धं राहतं. ते मागच्या वाक्याला जोडा.
- स्वल्पविराम टाकून पुढचं पूर्ण वाक्य सुरू करणं: ‘द बस लीव्ज अर्ली, देअरफोर वी कॅनॉट प्ले.’ ‘देअरफोर’च्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा.
- कर्ता गाळणं. ‘खूप महत्त्वाचं आहे’ हे मराठीत चालतं, ‘इज व्हेरी इम्पॉर्टंट’ इंग्रजीत चालत नाही.
- ‘ॲट लास्ट’ म्हणजे बऱ्याच खोळंब्यानंतर एकदाचं. शेवटचा मुद्दा सांगायला ‘फायनली’ किंवा ‘लास्टली’ वापरा.
- ‘ऑन द अदर हँड’ फक्त उलट बाजू सांगताना. ‘शिवाय’ म्हणायचं असेल तेव्हा नाही.

## टप्पा ६: आता एकट्याने

नवा विषय, तोच क्रम, पण वर्गातच. पहिला परिच्छेद गृहपाठाला दिला की तो ताईच्या, दादाच्या किंवा मोबाइलच्या हातचा येतो.

दहा मिनिटं डावं पान, पंधरा मिनिटं उजवं पान. लिहिताना शब्द अडला तर तिथे मराठी शब्द लिहून चौकट करायची आणि पुढे जायचं. स्पेलिंग विचारायला उठायचं नाही. एका शब्दासाठी थांबलेल्या मुलाच्या डोक्यातलं पुढचं वाक्य निघून जातं. चौकटी भरायला शेवटची पाच मिनिटं द्या, तेव्हा शब्दकोश उघडा.

## टप्पा ७: तपासणी, दोन फेऱ्यांत

लाल पेन घेऊन एकाच वेळी सगळं तपासणं ही शिक्षकांची सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. वीस लाल खुणा असलेली वही मूल बंद करतं. शिवाय जे वाक्य पुढे काढूनच टाकायचं आहे त्याचं स्पेलिंग सुधारण्यात तुमची संध्याकाळ जाते.

पहिली फेरी फक्त बांधणीची. विधान आहे का? सगळी वाक्यं त्याचीच आहेत का? कुठे मोघम आहे? समासात एकच सूचना लिहा, प्रश्नाच्या रूपात: ‘किती वाजता?’, ‘याचा खेळाशी काय संबंध?’ स्पेलिंगकडे पाहायचंच नाही. हे जड जातं, पण पाहायचं नाही.

मुलाने पुन्हा लिहिल्यावर दुसरी फेरी भाषेची. तीही उत्तर लिहून न देता खुणांनी: स्पेलिंगला ‘एसपी’, काळाला ‘टी’, शब्दक्रमाला ‘डब्ल्यूओ’, राहिलेल्या शब्दाला काकपद. खूण ओळीवर करा, सुधारू द्या त्याला. एका वेळी दोनच प्रकारच्या चुका धरा, बाकीच्या पुढच्या परिच्छेदात.

तपासा: पुन्हा लिहिलेला परिच्छेद आधीच्यापेक्षा खरोखर वेगळा आहे का, की फक्त सुवाच्य अक्षरात उतरवलेला आहे? दुसरं असेल तर तुमची सूचना पुरेशी नेमकी नव्हती.

## टप्पा ८: परिच्छेदाकडून निबंधाकडे

चार-पाच परिच्छेद वेगवेगळ्या विषयांवर नीट जमल्याशिवाय निबंधाला हात लावू नका. निबंधाला नवीन काही फारसं लागत नाही. निबंधाचंही एक विधान असतं आणि प्रत्येक परिच्छेद त्याचा एक आधार असतो. टप्पा २ आणि ३ मध्ये जे वाक्यांशी केलं, तेच आता परिच्छेदांशी करायचं.

विषय घेऊ: विद्यार्थ्यांनी शाळेत मोबाइल आणावा का? आधी फक्त प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य लिहायला लावा.

१. फोन्स शुड स्टे ॲट होम, एक्सेप्ट फॉर स्टुडंट्स हू ट्रॅव्हल फार.
२. अ फोन इन द क्लासरूम टेक्स अटेन्शन अवे फ्रॉम द लेसन.
३. इट ऑल्सो शोज हू हॅज मनी अँड हू डज नॉट.
४. बट स्टुडंट्स हू गो होम बाय बस नीड टू कॉल देअर फॅमिलीज.
५. द स्कूल कॅन कीप दीज फोन्स इन द ऑफिस अंटिल द लास्ट बेल.

ही पाच वाक्यं सलग वाचा. नुसत्या यांच्यावरून म्हणणं कळलं तर सांगाडा उभा आहे. कळलं नाही तर परिच्छेद भरण्यात अर्थ नाही. चौथं वाक्य मुद्दाम पाहा: ते विरुद्ध बाजूचं आहे आणि पहिल्या वाक्यातल्या ‘एक्सेप्ट’ने त्याला आधीच जागा ठेवली आहे. ‘फायदे एका परिच्छेदात, तोटे दुसऱ्यात’ या साच्यात मुलाचं स्वतःचं मत कुठेच दिसत नाही, ते इथे दिसतं.

लिहिण्याचा क्रम मात्र वेगळा ठेवा. आधी मधले परिच्छेद, मग शेवट आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. आत काय आहे हे माहीत नसताना प्रस्तावना लिहायला बसलेलं मूल त्या बंदी घातलेल्या वाक्यांकडेच वळतं. प्रस्तावना दोन-तीन वाक्यांची पुरते: प्रश्न काय आणि माझं म्हणणं काय.

शेवटाची नेहमीची चूक म्हणजे ‘इन कन्क्लुजन, मोबाइल हॅज बोथ ॲडव्हान्टेजेस अँड डिसॲडव्हान्टेजेस’. हे निबंध न लिहिताही म्हणता आलं असतं. मुलाला विचारा: तुझं म्हणणं मान्य केलं तर उद्या शाळेने काय करायचं? त्याचं उत्तर म्हणजे शेवट. पाचवं वाक्य तेच करतं.

## टप्पा ९: परीक्षेत हाच क्रम

बोर्डाच्या लेखनकौशल्याच्या प्रश्नात पुष्कळदा मुद्दे दिलेले असतात, आणि मुलं ते आहे त्या क्रमाने वाक्यांत घालून मोकळी होतात. मुद्द्यांना आधी १, २, ३ असे आकडे द्यायची आणि त्यांतून एक विधान काढायची सवय लावा. दोन मिनिटं लागतात. बारावीच्या कल्पनाविस्तारालाही हेच लागू आहे: दिलेली ओळ हा विषय, तिच्याबद्दल तुम्ही काय म्हणता ते विधान.

आयेल्ट्स ही इंग्रजीची आंतरराष्ट्रीय परीक्षा देणाऱ्यांसाठी थोडंसं. लेखनाच्या ६० मिनिटांत दोन कामं असतात. दुसरं काम निबंधाचं, किमान २५० शब्दांचं. त्याला ४० मिनिटं द्यायला सुचवलेली असतात आणि त्याचं वजन पहिल्या कामाच्या दुप्पट असतं. गुणांचे चार निकष सारख्या वजनाचे: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीची सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण. म्हणजे निम्मे गुण बांधणीचे आहेत. चाळीसपैकी पहिली सात-आठ मिनिटं आराखड्याला देणारा उमेदवार वेळ वाया घालवत नाही. पाठ केलेला निबंध परीक्षक ओळखतात, आणि तो प्रश्नाला धरून नसला की पहिल्याच निकषात गुण जातात.

## मोबाइलवरच्या भाषांतराचं काय करायचं

मूल मराठीत लिहितं, मोबाइल इंग्रजी करून देतो, वहीत सफाईदार परिच्छेद येतो. बंदी घालून हे थांबत नाही. डावं पान मागा. आराखडा नसलेला परिच्छेद तपासायचाच नाही, असा नियम करा. आणि शंका आली तर मुलाला उभं करून एकच वाक्य काढायला सांगा: ‘यातलं कुठलं वाक्य गाळलं तरी चालेल? का?’ स्वतः बांधलेल्या परिच्छेदाबद्दल मूल यावर वाद घालतं. उतरवलेल्याबद्दल ते गप्प राहतं. अशा वेळी रागावू नका, त्याच विषयावर डाव्या पानापासून पुन्हा सुरू करून द्या, यावेळी वर्गात.